आप्पांचं चूलबंद आवतण

आप्पांच्या हॉटेलात मेनूकार्डाचा उपयोग मुख्यतः भाकऱ्यांच्या टोपलीवर झाकण म्हणून व्हायचा, आणि ते मेनूकार्ड मी केलेलं होतं. जाड कागद, मॅट फिनिश, कोपऱ्यात द्राक्षाचा वेल. त्या हॉटेलातल्या एकाही पदार्थाचा द्राक्षाशी काडीचा संबंध नव्हता, पण नाशिक म्हटलं की वेल काढायचा, असं आमच्या धंद्यात ठरलेलंच आहे. ‘ह्याच्याखाली भाकरी मऊ राहते बघा,’ असं आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगायचे. माझ्या कामाची इतकी मनापासून तारीफ त्याआधी कुणी केली नव्हती आणि नंतरही केलेली नाही.

हॉटेल दिंडोरी रोडवर होतं, मार्केट यार्ड ओलांडून म्हसरूळकडे जाताना. आप्पा मूळचे बागलाणातले, नामपूरकडचे. उमेदीची सगळी वर्षं कांद्याच्या व्यापारात गेली आणि ज्या वयात लोक नातवंडं खेळवतात त्या वयात त्यांनी मुलानं बांधलेल्या इमारतीच्या तळमजल्यावर बागलाणी जेवणाचं हॉटेल काढलं. का काढलं म्हणून विचारलं तर म्हणायचे, “घरात माणसं किती, तर तीन. तिघांसाठी काय रांधायचं?” गावाकडे त्यांच्या घरी रोज कुणी ना कुणी उपरा माणूस ताटावर असायचा. नाशिकच्या फ्लॅटमध्ये बेल वाजली की कुरिअरवाला असायचा, आणि त्यालाही आप्पा आत बोलवायचे.

मी तेव्हा पुण्यातली नोकरी सोडून परत आले होते आणि कॉलेज रोडवरच्या एका खोलीत स्वतःची जाहिरात एजन्सी चालवत होते. एजन्सी म्हणजे मी, एक लॅपटॉप आणि दारावरची पाटी. पाटीवर ‘ब्रँड स्टोरीटेलर’ असं लिहिलं होतं. शेजारचा झेरॉक्सवाला बरेच दिवस असं धरून चालला होता की मी लहान मुलांना गोष्टी सांगायचे वर्ग घेते. त्यानं एक आई आपल्या मुलाला घेऊन माझ्याकडे पाठवलीही होती. धंद्याची अवस्था अशी होती की मी फी सांगायचा विचार केला.

मला बोलावलं ते आप्पांच्या मुलानं. बांधकामाचा व्यवसाय, बोलणं मोजकं, माणूस भला. तो म्हणाला, “मॅडम, हॉटेल चालत नाहीये. चष्म्याच्या दुकानवाले तळमजला भाड्यानं मागताहेत. दिवाळीपर्यंत थांबतो, असं मी आप्पांना म्हणालोय. तोवर हॉटेल स्वतःच्या पायावर उभं राहिलं तर ठीक, नाही तर बंद.” मग जरा घुटमळून म्हणाला, “उभं राहिलं तर मलाच जास्त बरं वाटेल. बंद झालं तर हा माणूस दिवसभर घरात बसून करणार काय, हे मला कळत नाही.”

मी म्हणाले, “काळजी करू नका.” हे मी सगळ्यांनाच म्हणते.

पहिल्या भेटीला मी प्रश्नावली घेऊन गेले. तुमचा ग्राहक कोण, तुमचं वेगळेपण काय, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता. आप्पांनी कागद हातात घेतला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, “जेवल्या का?”

मी हो म्हणाले. खरंच जेवून गेले होते.

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि आत आवाज दिला, “ताईंचं ताट लावा रे. खोटं बोलून राहिल्या त्या.”

वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि वर कच्चं तेल. मी दुसऱ्यांदा जेवले आणि प्रश्नावली तिथेच विसरून आले. आप्पांनी तिचं काय केलं ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

त्यांच्या हॉटेलात तोपर्यंत मेनूकार्ड नव्हतंच. माणूस आला, बसला, की त्या दिवशी जे रांधलंय त्याचं ताट समोर यायचं. “काय काय आहे?” असं कुणी विचारलं तर आप्पांचं उत्तर एकच, “बसा तर खरं.” त्यांचं म्हणणं असं की, काय पाहिजे म्हणून विचारलं की पाहुणा लाजतो आणि स्वस्तातलं सांगतो. घरी आलेल्या माणसाच्या हातात कुणी कागद देतं का? जेवण झाल्यावर ते हात धुवायच्या बेसिनपाशी उभे राहायचे आणि प्रत्येकाला अडवून विचारायचे, “भाजी का टाकली?” काही गिऱ्हाइकं हात न धुताच निघून जायची.

तर अशा हॉटेलसाठी मी मेनूकार्ड केलं. भरीत-भाकरीचं ‘फायर-रोस्टेड एगप्लांट विथ रस्टिक मिलेट ब्रेड’ केलं. शेवभाजीचं ‘क्रंची करी’. आणि साध्या फोडणीच्या डाळीचं ‘स्लो-कुक्ड व्हिलेज लेंटिल्स’. ही नावं सुचली त्या दुपारी मी स्वतःवर इतकी खूश होते की आईला फोन करून वाचून दाखवली. आई म्हणाली, “बरं नाहीये का तुला?”

पहिल्याच आठवड्यात सटाण्याहून मार्केटला आलेले एक शेतकरी गृहस्थ कार्ड उघडून बसले. ‘व्हिलेज लेंटिल्स’वर बोट ठेवून म्हणाले, हे आणा, आज काहीतरी नवीन खाऊ. समोर डाळ आली. त्यांनी चमचा घातला, वर उचलला, पुन्हा खाली सोडला.

“हाई काय शे?”

“डाळ शे,” आप्पा म्हणाले.

“हाई तं मना घर बी शे!”

ही तर माझ्या घरीही असते, असं तो बिचारा रागानं म्हणत होता आणि आप्पांचा चेहरा फुलला होता. त्यांच्या दृष्टीनं याहून मोठं प्रमाणपत्र नव्हतं. ते त्याच्याशेजारीच बसले, गाव विचारलं, आडनाव विचारलं, आणि भाकरी संपेपर्यंत त्याची आत्या आप्पांच्या मेहुण्याच्या घरात दिलेली निघाली. झालं. नात्यातल्या माणसाकडून पैसे कसे घ्यायचे? बागलाणातून आलेल्या बहुतेक माणसांची आत्या कुठे ना कुठे दिलेली असायची, आणि हॉटेल का चालत नाही हे शोधायला खरं तर माझी गरजच नव्हती. मेनूकार्ड त्या दिवसापासून टोपलीवर गेलं.

मग मी ऑनलाइन अभिप्रायांकडे वळले. एका तरुणानं पाचातले तीन तारे देऊन लिहिलं होतं, ‘चव छान. पण मालक जेवताना समोर उभे राहतात.’ मी हे आप्पांना सहज वाचून दाखवलं. त्यांना फार लागलं. “तीन? मग दोन कशात कमी पडले?” त्या मुलानं पूर्वी एकदा डबा मागवला होता, त्यामुळे पत्ता हॉटेलात होता. दुसऱ्या दिवशी आप्पा डबा घेऊन इंदिरानगरला निघाले. मला स्कूटरवर मागे बसवलं, कारण बाईमाणूस सोबत असलं की लोक दार उघडतात. त्यानं दार उघडलं, अर्ध्या चड्डीत, झोपेतून उठून आलेला. आप्पांनी त्याला बसवलं, त्याच्याच ताटात वाढलं आणि तो शेवटचा घास खाईपर्यंत समोर उभे राहिले. आम्ही दारातून निघायच्या आत पाच तारे पडले. मी त्यावर ‘ग्राहकाच्या दारापर्यंत जाणारा ब्रँड’ अशी पोस्ट लिहिली. ती माझ्या मावशीला आणि दोन्ही मावसबहिणींना आवडली.

दसरा झाला आणि दिवाळी तोंडावर आली. हॉटेलात दुपारी माशा मारायला माणसं होती, पण जेवायला नव्हती. चष्मेवाल्यांचा माणूस टेप घेऊन भिंती मोजून गेला. तो मोजत असताना आप्पा त्याला “बसा तर खरं” म्हणाले आणि तो बसला नाही. त्या दिवशी आप्पा मला पहिल्यांदा म्हातारे वाटले.

मी म्हटलं, रविवारचा एक मोठा कार्यक्रम करू, सगळ्या म्हसरूळमध्ये पत्रकं वाटू. आप्पा म्हणाले, “कागद दारात फेकून कुणी जेवायला बोलवतं का?” आणि इथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पत्रक लोक फेकतात. लग्नपत्रिका कुणी फेकत नाही. मग पत्रिकाच काढायची! वर गणपती, पिवळा कागद, लाल अक्षरं. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून बागलाणी भोजनाचा बेत योजिला आहे. तरी आपण सहकुटुंब सहपरिवार अगत्य येण्याचे करावे.’ आणि मथळ्याला, ठळक, ‘चूलबंद आमंत्रण’. गावाकडे ज्या घराला चूलबंद आवतण असतं त्या घरात त्या दिवशी चूल पेटतच नाही. म्हातारी माणसं, तान्ही पोरं, अचानक टपकलेला पाहुणा, सगळे कार्याच्या घरी जेवतात. हा शब्द मला सुचला तेव्हा मी खोलीत एकटीच टाळी वाजवली. तळाशी बारीक अक्षरात ‘या दिवशी बिलावर खास सवलत’ अशी ओळ होती.

आप्पांनी नमुना डोळ्यांजवळ धरून वाचला. “ताई, हे तुम्ही लिहिलं?” त्यांचा आवाज वेगळाच झाला होता. मी विनयानं मान खाली घातली. मग त्यांचं बोट तळाच्या ओळीवर आलं. “एवढं काढा. आवतणात बिलाचं नाव कुठं असतं?”

मी ओळ काढली. काढल्यावर पत्रिका जास्त देखणी दिसायला लागली. मोकळ्या जागेमुळे डिझाइनला श्वास घेता येतो, हे मी त्यांना वर समजावूनही सांगितलं.

पेपरवाल्याकडून पत्रिका वाटायचं मी ठरवलं होतं. आप्पांनी ते मोडीत काढलं. धुवट टोपी घातली, वाटीत अक्षता घेतल्या, कुंकवाचा करंडा घेतला आणि स्वतः घरोघर निघाले. प्रत्येक घरात बसायचं, पाणी प्यायचं, माणसांची चौकशी करायची, पत्रिकेच्या कोपऱ्याला कुंकू लावून ती हातात द्यायची. “रविवारी चूल पेटवायची नाही बरं का. कुणी बाळंतीण असंल तर सांगा, डबा धाडतो.” एका संध्याकाळी मीही बरोबर फिरले. मी याला ‘पर्सनल टच’ म्हणत होते. बायका आपल्या सुनांना मला वाकून नमस्कार करायला सांगून त्यांची ओळख करून देत होत्या. रविवारी सकाळी तर आप्पा पुन्हा सगळीकडे जाऊन आले, कारण पानं मांडली की दुसऱ्यांदा बोलवायला जावं लागतं, नाही तर माणसं येत नाहीत.

या सगळ्यातून एकही माणूस पैसे घेऊन येणार नाही, हे आमच्या दोघांच्या लक्षात आलं नाही. आप्पांच्या आलं नाही, कारण ते मनापासून आवतण देत होते. माझ्या आलं नाही, कारण मी प्रतिसादाची वाट बघत होते.

प्रतिसाद आला. बारा वाजल्यापासून माणसांची रीघ लागली. काठपदराच्या साड्या, इस्त्रीचे सदरे, कडेवर पोरं. कुणी ब्लाउजपीस आणला होता, कुणी टॉवेल-टोपी. एका आजीबाईंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “कार्य कशाचं हाय पण?” मी मोबाइलवर व्हिडिओ काढण्यात इतकी दंग होते की “उद्घाटनासारखंच समजा” असं काहीतरी बोलून पुढे गेले. आप्पांचा मुलगा आला, भरलेलं हॉटेल बघून दारातच थांबला. कितीतरी महिन्यांनी त्याच्या चेहऱ्यावर हसू होतं. “मॅडम, कमाल केलीत तुम्ही,” तो म्हणाला.

तेवढ्यात पहिल्या पंगतीतल्या एका टेबलावर वाढप्यानं बडीशेप ठेवली आणि शेजारी बिल ठेवलं. पोस्टातून निवृत्त झालेले एक काका होते, बायको, मुलगे, सुना, नातवंडं असं अख्खं घर घेऊन आलेले. त्यांनी चष्मा लावला.

“हे काय आहे?”

“बिल,” वाढपी म्हणाला.

काका चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, “आम्हाला तर आवतण होतं. कुंकू लावून दिलं होतं.” आणि खिसे चाचपायला लागले. खिशात आहेराचं पाकीट होतं, तेवढंच. काकूंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि खाली बघत राहिल्या. शेजारच्या टेबलांवरचे हात ताटातच थांबले. पत्रिकेच्या तळाच्या त्या मोकळ्या जागेत काय असायला हवं होतं, ते आता सगळ्या हॉटेलला दिसत होतं.

आप्पा जिलेबीचं ताट घेऊन पंगतीत फिरत होते. ते आले, बघितलं, आणि त्यांना एका क्षणात सगळं समजलं. त्यांनी काकांच्या हातातलं बिल काढून घेतलं, न वाचता आपल्या खिशात घातलं आणि हात जोडले. “पोराकडून चूक झाली. बसा. जिलेबी राहिली तुमची.” मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “खिशात कुणी हात घालायचा नाही. चूलबंद आहे.”

मुलानं त्यांना गल्ल्यापाशी नेलं. मी मागोमाग गेले.

“आप्पा, सगळ्यांना फुकट?”

“फुकट काय म्हणतो? आवतण दिलंय मी.”

“आजच्यावर सगळं होतं. तुम्हाला माहितीये.”

“माहितीये.”

“मग मला दिवाळीनंतर...”

“अरे माहितीये ना!” आप्पा म्हणाले. “लोकांच्या घरात बसून, पाणी पिऊन, हातानं कुंकू लावून आलो मी. आता त्यांच्या पुढ्यात बिल ठेवू? हॉटेल गेलं तर जाऊ दे.”

मी मध्ये तोंड घातलं. “आप्पा, निदान ऐच्छिक म्हणून एक पेटी ठेवली तर...”

“ताई,” आप्पा म्हणाले, “तुम्ही भात वाढा.”

मी भात वाढला. मला वाढता येत नाही हे त्या दिवशी कळलं. एकाच्या ताटात डोंगर, दुसऱ्याच्या ताटात शितं. मुलानं घड्याळ काढून खिशात टाकलं, बाह्या सरसावल्या आणि वरणाची बादली उचलली. त्याला माझ्याइतकंही येत नव्हतं. पीठ संपलं, ते आणलं. भाकऱ्या पुरेनात तेव्हा म्हसरूळच्या चार-दोन बायका पदर खोचून सरळ आत गेल्या, कारण कार्याच्या घरी असंच करतात. शेवटची पंगत उठली तेव्हा आप्पांचा सदरा घामानं अंगाला चिकटला होता, आणि ते इतके आनंदात दिसत होते की मला त्यांच्याकडे बघवेना.

दिवाळीनंतर हॉटेल बंद झालं. चष्म्याचं दुकान थाटात उघडलं. त्यानंतर यार्डात जायचं झालं तर आप्पा रिक्षावाल्याला दिंडोरी रोड टाळून पेठ रोडनं न्यायला सांगत, असं मुलगा म्हणाला. मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं. पण धंदा तो धंदा. त्या रविवारच्या गर्दीचा फोटो माझ्या प्रेझेंटेशनमध्ये आहे. माझ्या एका शब्दाला आलेला तो आजवरचा सगळ्यात मोठा प्रतिसाद. ‘मग आता कसं चाललंय ते हॉटेल?’ असं कुणी विचारलं की मी पुढची स्लाइड लावते.

एक गोष्ट मात्र कुणी हिशेबात धरलीच नव्हती. आवतण जेवलेल्या माणसाला परतीचं आवतण द्यावं लागतं. सगळ्या कॉलनीनं आप्पांचं मीठ सहकुटुंब खाल्लं होतं. त्या हिवाळ्यापासून आप्पांच्या घरी पत्रिका यायला लागल्या. वास्तुशांत, साखरपुडा, जावळ. मुलगा मला फोनवर सांगायचा, “आज इकडे सोडायचंय, उद्या तिकडे. माझा ड्रायव्हर झालाय, मॅडम.” त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

एक पत्रिका मलाही आली. पोस्टातल्या काकांच्या नातीचं बारसं होतं. पाकिटावर माझं नाव नव्हतं, ‘भात वाढणाऱ्या ताई’ असं होतं. गेले. गच्चीवर मांडव होता, पानं वाढलेली होती, माणसं बसलेली होती, पण जेवायला कुणी सुरुवात करत नव्हतं. “आप्पा येऊ द्या,” काका म्हणाले.

आप्पा आले. आल्या आल्या सवयीनं बादलीत वाकून बघायला निघाले, तर काकांनी त्यांचा हात धरला. “आज नाही. आज तुम्ही पाहुणे,” असं म्हणून त्यांना माझ्या शेजारच्या पानावर बसवलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाला जेवताना मी कधी बघितलंच नाही. ते हात मांडीवर ठेवून अवघडून बसले होते, सुरुवात कुठून करावी ते कळत नसल्यासारखे. कसेबसे चार घास झाले, तोच काका जिलेबीचं ताट घेऊन त्यांच्यापुढे उकिडवे बसले.

“घ्या.”

“नको, झालं माझं.”

“कुठं झालं? एवढी एकच.”

आप्पांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. काकांनी बोटांच्या फटीतून जिलेबी आत सोडली. आप्पा हसायला गेले आणि त्यांचे डोळे भरून आले. हात खरकटे, म्हणून त्यांनी खांद्यालाच डोळे पुसले.

“ताई,” ते माझ्याकडे वळून काकुळतीनं म्हणाले, “तुम्ही तरी सांगा ना यांना काहीतरी.”

“काका,” मी म्हणाले, “अजून एक वाढा.”